मिनीच्या ९९८ इंजिनावर दोन एसयू : मॅनिफोल्ड स्वतः बनवायचा तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : जुन्या एमजी मिजेटवरची एसयू कंपनीच्या एचएस २ कार्ब्युरेटरची जोडी हाताशी आहे, ती मिनीच्या ९९८ सीसी इंजिनावर चढवायची आहे आणि मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांचा जोड) घरीच वेल्ड करायचा आहे. दोन सरळ नळ्या पुरतील का, आणि दोन्ही नळ्यांना जोडणारा मधला बॅलन्स पाइप गाळला तर चालेल का?

नळ्यांचं उत्तर बरंचसं 'हो' आहे. बॅलन्स पाइप मात्र अजिबात गाळू नका. कारण नीट सांगतो, कारण मॅनिफोल्डची सगळी रचना त्यातूनच ठरते.

मिनीचं हे ए-सिरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए ३० मध्ये ८०३ सीसीचं म्हणून आलं. चार सिलिंडर, पण हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) इनटेकची, म्हणजे मिक्स्चर आत जायची, तोंडं दोनच : एक १ आणि २ चं, दुसरं ३ आणि ४ चं. एक्झॉस्टची तीन तोंडंही त्याच बाजूला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. आता ही ऑर्डर कार्ब्युरेटरच्या बाजूने वाचा. १ ने ओढलं तो पहिला कार्ब्युरेटर. मग ३ आणि ४, म्हणजे दुसऱ्यावर लागोपाठ दोनदा. मग २, आणि लगेच पुन्हा १, म्हणजे पहिल्यावर लागोपाठ दोनदा. प्रत्येक कार्ब्युरेटरला असे जोडीने दोन हिसके बसतात आणि मग क्रँकच्या जवळजवळ एका फेऱ्याची विश्रांती.

त्यात आणखी एक गुंता आहे. साध्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाच्या, ५ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सर्वांत खाली गेल्यावर, ४५ अंशांनी मिटतो. म्हणजे २ चा व्हॉल्व्ह मिटायच्या आत १ चा उघडलेला असतो आणि तब्बल ५० अंश दोघंही एकाच तोंडातून ओढत असतात. शेजाऱ्याच्या वाट्याचं मिक्स्चर पळवण्याचा हा प्रकार हेडच्या आतच घडतो. बाहेर कितीही सुंदर नळी जोडा, तो तिथून सुटत नाही. म्हणून चारही सिलिंडरना समान लांबीच्या नळ्या देण्याचा विचार या इंजिनासाठी निरर्थक आहे. मॅनिफोल्डच्या हातात एवढंच उरतं की एका बाजूला दोन हिसके बसताना दुसऱ्या, त्या वेळी रिकाम्या बसलेल्या कार्ब्युरेटरलाही थोडा हातभार लावू द्यायचा. बॅलन्स पाइप तेच करतो. तो नसेल तर आयडलिंग खडबडीत होतं आणि दोन कार्ब्युरेटरमधला बारीकसा फरकही लगेच जाणवतो. ब्रेक सर्व्होचा (ब्रेकला जोर देणाऱ्या यंत्रणेचा) व्हॅक्यूमही याच पाइपातून घ्या, एकाच बाजूच्या नळीतून घेतलात तर ती बाजू बिघडते.

आता प्रत्यक्ष काम. खरी काळजी घ्यायची ती फ्लँजची, म्हणजे हेडवर आवळल्या जाणाऱ्या सपाट पट्टीची. या हेडवर इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही स्टड वाटून घेतात. एकच जाड वॉशर दोघांच्या कडा एकदम दाबतो. तुमचा फ्लँज एक्झॉस्टच्या फ्लँजपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी जाड किंवा पातळ झाला, तर वॉशर तिरका बसतो आणि दोघांपैकी एक गळतो. त्यामुळे प्लेट कापण्याआधी गाडीवरच्या एक्झॉस्टच्या फ्लँजची जाडी व्हर्नियरने मोजा. वेल्डिंगनंतर फेसिंगला थोडा माल लागणारच, तो धरून प्लेट जाड घ्या आणि शेवटी दोन्ही जाड्या जुळवा.

घरच्या कामाला माइल्ड स्टील बरं. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण टिग वेल्डिंगवर चांगला हात बसलेला असेल तरच त्याच्या वाटेला जा. कुठलाही धातू असो, वेल्ड करताना फ्लँज एका जाड लोखंडी प्लेटवर बोल्टने आवळून ठेवा, टाके आलटून पालटून घाला आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय सोडू नका. तरीही तो थोडा वाकतोच. मिलिंगवर किंवा सरफेस प्लेटवर पॉलिश पेपर ठेवून तोंड सपाट करून घ्या.

नळीचा आतला व्यास हेडच्या तोंडाएवढा किंवा किंचित कमी ठेवा. हवा जाताना पुढे जागा एकदम थोडी मोठी झाली तर फारसं बिघडत नाही, पण समोर धातूची कड आडवी आली तर प्रवाह तुटतो. वेल्डचे आत आलेले थेंब कानसीने काढून टाका. आरशासारखं पॉलिश मात्र करू नका, त्याचा काही उपयोग नाही.

लांबीचा हिशेब मिनीत फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) करते. इंजिन आडवं, तोंडं केबिनकडे, आणि इंजिनाला डोलू न देणाऱ्या वरच्या स्टेडी दांड्याचा बुश झिजलेला असेल तर क्लच सोडताना अख्खं इंजिन पुढेमागे डोलतं. फिल्टर बसवून मोजा, इंजिन हाताने ढकलून पुन्हा मोजा आणि मगच नळ्या कापा. कार्ब्युरेटरचा कोनही इथेच ठरतो : एसयूचा फ्लोट बाउल (पेट्रोलची छोटी टाकी) उभाच राहिला पाहिजे, नाहीतर पेट्रोलची पातळी चुकते. मिजेटचे बाउल त्या गाडीच्या कोनाला धरून बसवलेले असतात, मिनीसाठी वेगळ्या कोनाचे अडॅप्टर लागतील असं धरूनच चला. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा फिनॉलिक स्पेसर हवाच. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.

बसवून झाल्यावर आधी दोघांचा जोडदांडा सैल करा आणि आयडलिंगला दोन्हींची हवा सारखी करा. फ्लो मीटर नसेल तर रबरी नळी कानाला लावून फुसफुस ऐका, सरावाने छान जमतं. जेट (पेट्रोल सोडणारी नळी) ब्रिजच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या वाटेच्या तळाच्या, पातळीवरून १२ फ्लॅट (नटाच्या बाजू) खाली, ही सुरुवात. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन त्याच्या उचलायच्या पिनने सुमारे ०.८ मिमी उचलून बघा : वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर चढून जागेवर आलं तर बरोबर. मिजेटच्या कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुया १२७५ सीसीसाठी निवडलेल्या असतील. त्या तुमच्या ९९८ ला जुळतात का, हे रोलिंग रोडवरच, म्हणजे रोलरवर गाडी चालवून मोजणाऱ्या यंत्रावरच, कळेल.

ताकदीची अपेक्षा मात्र आवरती ठेवा. साध्या ९९८ मिनीची ३८ बीएचपी (अश्वशक्ती) आणि त्याच मापाच्या मिनी कूपरची ५५, यातल्या फरकात कॅम, हेड आणि कॉम्प्रेशनचा वाटा मोठा आहे. एमजी मेट्रोने १२७५ सीसीवर एकाच एचआयएफ ४४ कार्ब्युरेटरने ७२ बीएचपी दिली, दोन एचएस २ वाल्या कूपर एसची ७६ होती. फक्त वेग हवा असेल तर एक मोठा एसयू हा स्वस्त आणि सोपा मार्ग. जोडी बसवायची ती ॲक्सिलरेटरला मिळणाऱ्या चटपटीत प्रतिसादासाठी आणि बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या त्या दोन घुमटांसाठी, आणि माझ्या मते हे कारण पुरेसं आहे.

महाराष्ट्रात ज्यांच्या दारात १४८९ सीसीची जुनी ॲम्बेसेडर आहे, त्यांनाही हे सगळं लागू पडतं. तिच्या बी-सिरीज हेडलाही इनटेकची तोंडं दोनच, फायरिंग ऑर्डर तीच, आणि याच १४८९ सीसी इंजिनावर एमजीएला १९५५ मध्ये दोन एसयू दिलेले होते. मापं वेगळी येतील, बॅलन्स पाइप आणि फ्लँजच्या जाडीचं तेवढं तसंच धरा.