स्वयंपाकघरात सत्ता कुणाची?

प्रश्न : ताई, आमची हौशी संस्था स्वीडिश नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' बसवते आहे. उन्हाळी सणाच्या एका रात्री काउंटच्या स्वयंपाकघरात घडणारं हे नाटक. तालमीत रोज एकच वाद होतो. काउंटची, म्हणजे उमरावाची, मुलगी म्हणून ज्युली वरचढ, की नोकर असूनही पुरुष म्हणून ज्याँ? दिग्दर्शक म्हणतात, शेवटी ज्याँ जिंकतो. मी स्वयंपाकीण क्रिस्टिनचं काम करते. माझी भूमिका नुसती भरतीची वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ज्याँ जिंकतो हे मला अजिबात मान्य नाही. मी नेपथ्य आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, सांभाळणारी बाई. संहिता हातात आली की आधी वस्तूंची यादी काढते, आणि या नाटकात तर त्या यादीतूनच तुमच्या वादाचा उलगडा होतो.

काउंटचे बूट घ्या. ज्याँ पहिल्यांदा आत येतो तो ते हातात घेऊनच, आणि समोर दिसतील असे ठेवतो. काउंट स्वतः शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाहीत. बूट, घंटा आणि वरून हुकूम सोडायची बोलण्याची नळी एवढ्यावर त्यांचा अंमल चालतो. ज्युलीला वाटेल ते सुनावणारा ज्याँ घंटा वाजली की ताठ उभा राहतो. काउंटनी खाली येऊन गळा कापायला सांगितलं तर आपण जागच्या जागी कापू, असं तो स्वतःच कबूल करतो. याला जिंकणं म्हणायचं?

मग दारूची बाटली. ज्याँ काउंटची बर्गंडी चोरून पितो, तीही देठाच्या पेल्यातून. बशी गरम केली नाही म्हणून क्रिस्टिनवर कुरकुरतो. ज्युली मात्र बिअर मागते. तो वर चढू पाहतो आणि ती खाली उतरू पाहते, हे दोन पेल्यांतच दिसतं. पुढे ती बाटली आपल्या वडिलांची आहे हे ज्युलीच्या लक्षात येतं, तेव्हा त्यांच्यातला संबंध होऊन गेलेला असतो आणि ज्याँ तिला 'जावयाला चालणार नाही का?' अशा अर्थाचं सुनावतो. ज्या माणसानं थोड्याच वेळापूर्वी तिच्या हुकमावरून तिच्या पायाचं चुंबन घेतलं, तोच हा. या दोन जागा नटांनी एकमेकींशी जोडून बसवाव्यात.

तुमच्या वादात पैशाचा मुद्दा कुणी काढलेला दिसत नाही. ज्याँला ज्युलीसह पळून जाऊन इटलीतल्या कोमो सरोवराकाठी हॉटेल काढायचं आहे, त्यासाठी भांडवल हवं. ज्युलीकडे स्वतःचं असं काहीच नाही. तिला वडिलांचे पैसे चोरावे लागतात. घराणं मोठं, हुकूम सोडायची सवय लहानपणापासूनची, पण बाई म्हणून हातात रिकामी ओंजळ. आणि त्या रात्रीची बेअब्रू एकट्या तिच्याच वाट्याला येते. ज्याँ सकाळी पुन्हा कामाला लागू शकतो. म्हणून वर्ग एका पारड्यात आणि लिंग दुसऱ्या पारड्यात टाकून मोजू नका. दोघांचंही बळ उसनं आहे, आणि ज्याच्याकडून घेतलं तो वरच्या मजल्यावर आहे.

आता तुमची क्रिस्टिन. १८८८ सालच्या प्रस्तावनेत स्ट्रिंडबर्गनं तिला गुलाम वृत्तीची, दुय्यम पात्र म्हणून बाजूला सारलंय, आणि ज्युलीबद्दल तर फार कठोर, मला चीड आणणारं लिहिलंय. त्याची स्वतःची आई लग्नाआधी मोलकरीण होती, बायको सीरी फॉन एसेन उमराव घराण्यातली. कोपनहेगनला १४ मार्च १८८९ रोजी पहिला प्रयोग झाला, त्यात ज्युली सीरीनंच केली. सेन्सॉरनं सार्वजनिक प्रयोगावर बंदी घातल्यामुळे तो विद्यार्थी संघात करावा लागला. लेखकाचं घर या नाटकात किती शिरलंय ते यावरून कळतं. पण संहितेतली क्रिस्टिन प्रस्तावनेतल्या क्रिस्टिनपेक्षा कितीतरी मोठी आहे. सण बाकीच्यांचा असतो, ती चुलीपाशी असते. खुर्चीत डोळा लागला तरी झोपेत काउंटचे बूट आणि कॉफी पुटपुटते. मालकच आपल्यासारखे वागले तर आपण चांगलं होण्यासाठी का धडपडायचं, हा तिचा सवाल मला नाटकातला सगळ्यात जळजळीत वाटतो. आणि चर्चला निघताना ती जाता जाता सांगते की, कुणालाही घोडे द्यायचे नाहीत अशी ताकीद मी तबेल्यात देणार आहे. दोघांची पळायची वाट या 'भरतीच्या' बाईनं बंद केली! ते वाक्य ओरडू नका. कामाचा निरोप सांगावा तसं सांगा.

तुमच्या दिग्दर्शकांना माझ्याकडून एक विनंती : स्वयंपाकघर पडद्यावर रंगवू नका. कपाटं आणि भांडी चितारलेली नकोत, हे खुद्द स्ट्रिंडबर्गचं म्हणणं होतं. तुमच्या हातात खरी कढई असली, खरं काहीतरी परतलं जात असलं, तर मागे कुणी राबतंय हे प्रेक्षकाला विसरता येणार नाही.

प्रश्न : मध्यंतर कुठे घ्यावं?
— तेच वाचक

उत्तर : घेऊ नका. नाटक साधारण दीड तासाचं आहे आणि लेखकानं मध्यंतर मुद्दाम टाळलंय. गावकरी नाचत-गात आत घुसतात तो प्रवेश त्याच जागेसाठी लिहिलाय. दमलेल्या नटांना तेवढा श्वास पुरतो. मात्र त्या समूहाची वेगळी तालीम घ्या; अचकट गाणं म्हणणारी ही माणसं मालकाच्या मुलीबद्दल काय बोलतात, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.