डीव्हीडी रायटर अचानक कोणतीच डिस्क ओळखेनासा झाला आहे. नवा घेण्याआधी काय तपासावे?

आपल्या लॅपटॉपवर ड्राइव्हचे चिन्ह दिसते, ट्रे नीट उघडतो आणि बंद होतो, पण कोणतीही डिस्क घातली तरी ‘डिस्क घाला’ एवढाच संदेश येतो आणि लग्नाच्या डीव्हीडीतले चित्रण अडकून पडले आहे, असे आपण लिहिले आहे. या लक्षणांवरून मला विंडोजपेक्षा ड्राइव्हच्या लेन्सचा संशय अधिक येतो. विंडोजच्या नोंदी बिघडतात तेव्हा बहुधा ड्राइव्हच नाहीसा होतो किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजच्या यादीत, त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण येतो. तसे असेल तर डिस्क लिहिण्याच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत, मागे ठेवलेल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी काढाव्या लागतात. मात्र रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

प्रथम बाजारातून विकत घेतलेली, छापील, ओरखडे नसलेली एक सीडी आणि तशीच एक डीव्हीडी घालून पाहा. सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा. त्यामुळे सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही, असे दिसले तर तो दोष विंडोजचा असण्याची शक्यता फार कमी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर नेमके हेच घडले होते आणि हा फरक ठाऊक नसल्यामुळे ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्यात माझे दोन दिवस गेले.

त्यानंतर कान देऊन ऐका. डिस्क आत गेल्यावर लेन्स वरखाली होऊन डिस्कचा पृष्ठभाग शोधते आणि परतलेला प्रकाश पुरेसा असेल तरच डिस्क नीट वेग घेते. दोनतीनदा बारीक टिकटिक होऊन सगळे शांत झाले, तर लेन्सवर धुळीचा पापुद्रा आहे किंवा लेझर क्षीण झाला आहे, असे समजावे. लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स ट्रेबरोबरच बाहेर येते, म्हणून तिची सफाई घरी करता येते. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, ट्रेच्या दर्शनी बाजूच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप दाबून ट्रे बाहेर घ्यावा, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलसर केलेला इअरबड त्या मसुराएवढ्या निळसर भिंगावरून एकदोनदा अलगद फिरवावा. हे भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असते, त्यामुळे जरा जास्त दाब पडला तरी ते कायमचे निकामी होते. सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यातील ग्लिसरीनचा थर काचेवर राहतो. अर्धा तास वाळू देऊन मगच पुन्हा डिस्क घालावी. माझा ड्राइव्ह एवढ्यानेच सुरू झाला. लेझरच संपला असेल तर मात्र सफाईने काही होणार नाही, आणि दुरुस्तीपेक्षा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घेणे परवडते.

छापील डिस्क चालल्या आणि लग्नाचीच डीव्हीडी अडली, तर दोष त्या डिस्कचा आहे. स्टुडिओने दिलेल्या अशा डिस्क बहुधा रायटरवर तयार केलेल्या असतात. त्यांतील माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन व दमट हवा यांमुळे तो थर फिका पडत जातो. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोलगोल पुसू नये, कारण वर्तुळाकार ओरखड्यामुळे एका ओळीतली बरीच सलग माहिती वाचता येत नाही. तरीही डिस्क उघडली नाही तर ती दुसऱ्या कोणाच्या ड्राइव्हमध्ये अवश्य घालून पाहा. एका ड्राइव्हला न दिसलेली डिस्क दुसऱ्याने वाचल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

डिस्क कुठेही उघडली, की आधी चित्रण पाहत बसू नका. त्याच बैठकीत ‘व्हिडिओ टीएस’ (VIDEO_TS) हा डिस्कवरचा चित्रणाचा संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सुरुवात, मध्य व शेवट चालवून पाहिल्यावरच डिस्क बाहेर काढा.