ऑर्केस्ट्रा बारवर रेड पडली, आता शेठ म्हणतो या कागदावर सही कर

प्रश्न: मॅडम, मी मुंबईत उपनगरातल्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाते. मागच्या महिन्यात रात्री पावणेबाराला रेड पडली. कीबोर्डवाला धरून आम्ही अकरा कलाकार होतो. पोलिसांनी सगळ्यांच्या आधार कार्डाचे फोटो काढले, पर्समधली टीप जप्त केली, पंचनाम्यात 'अश्लील हावभाव' असं लिहिलं, आम्हा बायकांना पहाटेपर्यंत स्टेशनला बसवून मग सोडलं. आता एक हवालदार फोन करून संध्याकाळी जबाबाला या म्हणतात. शेठच्या वकिलाने स्टॅम्प पेपर पाठवलाय, त्यात लिहिलंय की मी तिथे कामाला नव्हते, मैत्रिणीला भेटायला आले होते. सोबत कोरं वकीलपत्र पण आहे. सही केली तर थकलेला दोन महिन्यांचा पगार देतो म्हणतात. घरमालकाला कुठून तरी कळलंय, तो रूम खाली करा म्हणतो. काय करू?

उत्तर:

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका आणि केली असेल तर आजच्या आज स्वतःच्या वकिलाला दाखवा.

शेठला तो कागद कशाला हवाय ते नीट समजून घ्या. ऑर्केस्ट्रा बारच्या लायसन्समध्ये पूर्वी पोलीस अट घालायचे की स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष, त्याच्यावर नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ही बाई-पुरुषाची वाटणी उडवून लावली, सरकारने बायकांची संख्या ठरवायचं काही कारण नाही असं सांगितलं, पण एकूण आठ कलाकारांची मर्यादा मात्र तशीच ठेवली. म्हणजे आठच्या आठ बायका असल्या तरी चालतं, नववा माणूस चढला की लायसन्सचा भंग. तुमच्याकडे अकरा होते. शेठला आता तीन माणसं कागदावरून गायब करायची आहेत आणि त्या तिघांत त्याने तुम्हाला धरलंय, बाकी काही नाही. आणि हा भंग त्याचा आहे बरं का, लायसन्स त्याच्या नावावर आहे, किती जणांना स्टेजवर बसवायचं हे तुम्ही ठरवत नव्हता.

आता सही केली तर तुमचं काय होतं ते बघा. एक तर 'मी कामाला नव्हते' असं तुम्हीच लिहून दिल्यावर पगार कसला मागणार, तो दोन महिन्यांचा पगार त्याने दिला तर दिला, नाही दिला तर तुमच्या हातात काही उरत नाही. दुसरं, खोटं प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल झालं तर खोट्या पुराव्याचा गुन्हा तुमच्यावर येतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला, शेठ तेव्हा ओळख पण दाखवणार नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतंय, गायिका म्हणून तुम्ही तिथे असणं हे कायदेशीर काम आहे, ऑर्केस्ट्राला रीतसर परफॉर्मन्स लायसन्स मिळतं. ते नाकारलं की मध्यरात्री बारमध्ये तुम्ही कशाला होता याचं उत्तर तुमच्याकडे राहत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पोलीस काय भरतील ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

कोऱ्या वकीलपत्राचं पण तेच. तो वकील शेठचा आहे, फी शेठ देतो, आणि या केसमध्ये शेठला वाचवायचं म्हणजे तुम्हाला खोटं बोलायला लावायचं असं झालंय, मग एकच वकील दोघांचा कसा असेल. तुम्हाला स्वतःचा वकील फुकट मिळू शकतो. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. १५१०० वर फोन करा नाहीतर कोर्टाच्या इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे आधार कार्ड घेऊन जा, एका साध्या अर्जावर काम होतं.

आता पोलिसांचं. सगळ्यात आधी एफआयआर मिळवा, महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर पोलीस स्टेशन आणि तारीख टाकून बहुतेक एफआयआर बघता येतात, नाही सापडली तर वकील काढून देईल. त्यात तुमचं नाव आरोपींच्या यादीत आहे का, की नुसतं पंचनाम्यात 'मिळून आलेल्या महिला' म्हणून आहे, हे बघायचं. सगळा फरक इथे पडतो, आणि बहुतेक बायका हे न बघताच महिनोन्महिने घाबरून राहतात.

कलमं बहुधा दोन प्रकारची दिसतील. एक २०१६ चा बारमधल्या अश्लील नृत्याविरुद्धचा कायदा, त्यातल्या जड शिक्षा मालक, मॅनेजर आणि त्यांच्या वतीने जागा चालवणाऱ्यांसाठी आहेत, लायसन्सशिवाय चालवलं तर पाच वर्षांपर्यंत. तो कायदा नाचाबद्दल आहे, माईक धरून गाण्याबद्दल नाही, त्यामुळे पंचनाम्यात तुम्ही गात होता असं लिहिलंय की नाचत होता ही ओळ शब्दन् शब्द वाचा. दुसरं भारतीय न्याय संहितेचं कलम २९६, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २९४, सार्वजनिक जागी अश्लील कृत्य. जामीनपात्र आहे, जास्तीत जास्त तीन महिने नाहीतर हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात एक अट असते जी पोलीस घाईत विसरतात, त्या कृत्याने दुसऱ्या कुणाला तरी त्रास झाला पाहिजे. पैसे देऊन गाणी ऐकायला बसलेल्या गिऱ्हाइकांपैकी त्रास नेमका कुणाला झाला, असा प्रश्न तुमचा वकील विचारेल आणि विचारलाच पाहिजे.

जप्त केलेल्या टीपबद्दल: नोटा उडवणं चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ च्या डान्स बारच्या निकालात कायम ठेवलंय, पण त्याच निकालात टीप देण्याला हरकत नाही असंही आहे, टीप बिलात जोडूनच द्यायची ही सरकारची अट कोर्टाने काढून टाकली. तुमच्या पर्समधले पैसे परत मिळावेत म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, मोठी रक्कम नसेल तर मी लगेच त्याच्यामागे धावणार नाही, आधी बाकीचं मार्गी लागू दे.

हवालदारांचे फोन. तुम्ही साक्षीदार असाल तर बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे जबाबाला यायची सक्ती करता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे पोलीस तपास आणि अटक कशी करायची त्या नव्या कायद्याचं, कलम १७९. आता मला कळतंय की पोलीस घरी आले तर घरमालकाला आयतंच कोलीत मिळेल, म्हणून तुम्हाला स्वतःहून स्टेशनला जायचं असेल तर जा, कायदा अडवत नाही, पण वेळ तुमची, दिवसा, सोबत वकील नाहीतर कुणी घरचं, आणि फोनवर नाही तर लेखी नोटीस पाठवा म्हणून सांगा. जबाब लिहून झाला की वाचून घ्या आणि सही करू नका, तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही असं कायद्यात स्पष्ट आहे, 'फॉर्मॅलिटी आहे मॅडम' म्हणाले तरी. जबाबात खरं तेच सांगा: मी इथे गायिका आहे, अमुक तारखेपासून, पगार इतका, पगार कोण देतो.

आणि जर त्याच संहितेच्या कलम ३५ ची नोटीस आली, म्हणजे तुम्हाला आरोपी धरलंय, तर मात्र टाळाटाळ करायची नाही. दिलेल्या तारखेला वकील घेऊन हजर व्हायचं, हजर राहिलात तर उगाच अटक करता येत नाही, न जाणारे अटकेचं कारण स्वतःच देतात.

पहाटेपर्यंत बसवून ठेवलं ते चुकीचंच होतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, आणि अटक नव्हती तर बसवलं कशाच्या जोरावर. तक्रार करता येते, पण तपास चालू असताना आत्ताच करायची का हे वकिलाशी बोलून ठरवा, मी तरी सध्या फक्त लिहून ठेवा म्हणेन: किती वाजता नेलं, किती वाजता सोडलं, महिला पोलीस होत्या का, सोबत कोण कोण होतं. स्टेशनच्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज मात्र वकिलाला लगेच द्यायला सांगा, ते पुसलं गेलं की संपलं.

पगार. शेठ म्हणेल ही कामाला नव्हती, फ्रीलान्स होती, टीपवर होती, सगळे असंच म्हणतात. तुमच्याकडे यूपीआयच्या एन्ट्री असतील, 'उद्या आठला ये' असे मॅनेजरचे व्हॉट्सॲप असतील, ते आजच स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर टाका कारण केस झाल्यावर असे मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' होतात. आणि गंमत बघा, ज्या पंचनाम्याची तुम्हाला एवढी भीती वाटतेय त्यातच पंचांसमोर तुम्ही त्या रात्री तिथे कलाकार म्हणून होता असं लिहिलं असेल तर, कामाला होता याचा याहून चांगला पुरावा तुम्हाला कुठून मिळणार. थकलेल्या वेतनासाठी कामगार खात्याकडे दावा करता येतो, तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे 'आज सही कर नाहीतर पगार बुडाला' हे शेठचं म्हणणं निव्वळ दमदाटी आहे.

घरमालक: लिव्ह अँड लायसन्सची मुदत चालू असेल तर बारमध्ये गाते एवढ्या कारणावरून तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, मुदत संपली तरी भाडे कायद्याखालच्या सक्षम प्राधिकरणाचा आदेश लागतो, कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर ११२ लावा. ॲग्रीमेंटमध्ये नोटीस देऊन खाली करायची अट असते कधी कधी, ती वाचा, तेवढी असेल तर तेवढे दिवस मिळतील.

तुम्ही शेवटी विचारलेलं नाही पण मनात असणारच म्हणून सांगते, या केसमुळे तुम्हाला दुसरीकडे गायला बंदी नाही. फक्त नव्या जागी जाण्याआधी मॅनेजरकडे परफॉर्मन्स लायसन्स बघायला मागा, कॉपी भिंतीवर लावलेली असतेच बऱ्याच ठिकाणी, स्टेजवर आठच्या वर माणसं बसवतायत का ते एक रात्र गिऱ्हाइकांच्या बाजूने बघून या, आणि पगार बँकेत घ्या, रोख देतो म्हणाला तर तिथे नका गाऊ.