नोकरी चांगली आहे, मग मी खूश का नाही?

"मॅडम, पर्मनंट नोकरी, आवडीचा विषय, मुलं मान देतात, तरी रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. मी कृतघ्न आहे का हो?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या वाक्यालाच मला पुढचं कळतं. पुरुष प्राध्यापकही येतात, पण ते बहुतेकदा नोकरीची तक्रार घेऊन येतात, बायका स्वतःची.

यावेळी विचारणारी बाई 14 वर्षं एकाच डिपार्टमेंटला. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) मी म्हटलं आठवडाभर काय काय करता ते लिहून आणा. लेक्चर्स, पेपर तपासणं हे तर सगळ्यांनाच, पण शिवाय कॉन्फरन्सची स्वागत कमिटी, रडत आलेल्या मुलींना धीर देणं आणि प्रत्येक मिटिंगचे मिनिट्स (म्हणजे इतिवृत्त) लिहिणं. रिसर्चपुढे लिहिलेलं, "गुरुवारी 40 मिनिटं".

"मिनिट्स नेहमी तुम्हीच?"

"माझं अक्षर चांगलंय म्हणतात."

लॅपटॉपवर टाइप करते ही!

पुढच्या वेळी ते मिनिट्सच आणायला सांगितले. अमुक सरांनी सुचवलं, तमुक सरांनी मांडलं, आणि वेळापत्रकाची नवी कल्पना मात्र "चर्चेअंती ठरलं".

"ही कल्पना कोणाची?"

बराच वेळ ती कागदाकडे बघत बसली. "माझी." मग हळूच, "आणि हे लिहिलंयही मीच."

मी काहीच बोलले नाही. गप्प कधी बसायचं हे मला जरा उशिराच जमलं, पण त्या दिवशी जमलं.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्येच मांडलं होतं की पगार, नियम, सुरक्षितता नीट असली तर कुरकुर थांबते, पण समाधान येतं ते कामातून, कौतुकातून, पुढे जाण्यातून. म्हणजे "सगळं छान आहे" आणि "मी खूश नाही" दोन्ही एकदमच खरं असू शकतं, त्यात कृतघ्नपणा कुठे आला? उलट अँड्र्यू क्लार्क या अर्थतज्ज्ञानं 1997 मध्ये ब्रिटनची आकडेवारी बघितली तेव्हा कमी पगार असूनही बायका जास्त समाधानी निघाल्या, त्याच्या मते अपेक्षाच कमी म्हणून, आणि तरुण, जास्त शिकलेल्या बायकांत हा फरक दिसत नव्हता. म्हणून तुमची कुरकुर मी तरी चांगलंच लक्षण मानते. आधी आठवडा लिहून काढा, आणि ज्या कामाला कुणाचंच नाव लागत नाही ते मागच्या वेळी कोणी केलं होतं हे मिटिंगमध्येच विचारा, नंतर घरी येऊन नाही.

हिनं विचारलं. "ह्यावेळी पाळीनं करू या." दोन सेकंद शांतता, मग एका ज्युनियर सरांनी लॅपटॉप उघडला.

रविवारचा गोळा अजून येतो म्हणते, पण आता रात्री दहाला.