कॉलेजातले हुकमी कोच एनएफएलमध्ये का आपटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजात वर्षाला जेमतेम एखादा सामना हरणारे कोच एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले की दोन-तीन सीझनमध्ये गाशा गुंडाळून परत का येतात? मग जिम हार्बॉलाच कसं जमलं? आणि कॉलेजातच धड न जिंकलेल्या क्लिफ किंग्सबरीला नोकरी कशी मिळाली? वर एकांनी लिहिलंय की तिथले खेळाडू कोट्यधीश, ते कोचला जुमानत नाहीत. त्यात तथ्य आहे, पण माझ्या मते ते दुय्यम.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची या खेळाशी ओळख कॉलेजातूनच होते. अमेरिकेत मास्टर्सला आलो की पहिल्याच शनिवारी कळतं, आज सामना, पार्किंग विसरा. त्यामुळे आपण कोचला मैदानाच्या कडेला हेडसेट लावून उभा असलेलाच बघतो. त्याचं खरं काम मात्र रिक्रूटिंगचं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन, त्याच्या आईशी गप्पा मारून, पोरगा माझ्या हवाली करा असं पटवायचं. अलाबामा किंवा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या कोचला देशातली निवडक पोरं दरवर्षी मिळत राहतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक सामन्यांत त्याचा संघ उतरण्याआधीच सरस असतो. एनएफएलने नेमकं हेच काढून घेतलंय. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणारे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात तेव्हा, सर्वांत वाईट संघाला पहिली निवड, 1994 पासून सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा (2024 मध्ये प्रत्येक संघाला सुमारे 25.5 कोटी डॉलर), आणि प्रत्येक संघात खेळाडू 53. बत्तीस संघांत फार तफावत राहू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप. शिवाय कोणाला घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी जनरल मॅनेजर ठरवतो, कोच नव्हे.

यावर लगेच कोणी म्हणेल, मग निक सेबनचं काय? त्याला मायामी डॉल्फिन्स या एनएफएल संघाने भरपूर अधिकार दिले होते, आणि आधी क्लीव्हलंडच्या संघात हेड कोच बिल बेलिचिकच्या हाताखाली डिफेन्स सांभाळल्यामुळे एनएफएल त्याला नवी नव्हती. बरोबर. एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) 2003 चं कॉलेज विजेतेपद देऊन तो 2005 मध्ये मायामीला गेला. पहिल्या वर्षी 9-7 (नऊ विजय, सात पराभव), बरं चाललं होतं. मग 2006 च्या सुरुवातीला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, निवडायची वेळ आली. ड्रू ब्रीसच्या खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, डॉल्फिन्सचे डॉक्टर राजी होईनात. म्हणून त्यांनी डॉन्टे कल्पेपरला आणलं, ज्याचा गुडघा आदल्या वर्षी गेला होता! कल्पेपर चार सामने खेळला, संघ 6-10 वर आटोपला. ब्रीस न्यू ऑर्लिन्सला गेला आणि पुढे सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. सेबनने डिसेंबरात ‘मी अलाबामाचा कोच होणार नाही’ असं ठणकावून सांगितलं आणि जानेवारी 2007 मध्ये अलाबामाला गेला. तिथे सहा विजेतेपदं. कॉलेजात क्वार्टरबॅक चुकला तर पुढच्या वर्गात दुसरा चांगला पोरगा तयार असतो. एनएफएलमध्ये तशी एक चूक तीन-चार वर्षं पुरते.

अर्बन मायरला मात्र ही सबब नाही. त्याच्या जॅक्सनविल संघाने 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स घेतला होता. मायर गुरुवारचा सामना हरल्यावर संघाबरोबर विमानाने न परतता ओहायोतच राहिला आणि बारमधला त्याचा व्हिडिओ बाहेर आला. कॉलेजात तीन विजेतेपदं नावावर असलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही, इथे लॉकर रूमने विचारला. 2-11 वर हकालपट्टी. पुढच्याच वर्षी नवा कोच डग पीडरसनने त्याच लॉरेन्सला घेऊन 9-8 केलं आणि प्लेऑफचा एक सामनाही जिंकला. बॉबी पेट्रिनोबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही: 2007 मध्ये अटलांटा या एनएफएल संघाचे तीन सामने शिल्लक असताना खेळाडूंच्या लॉकरमध्ये चिठ्ठी ठेवून अर्कान्सॉ विद्यापीठाकडे पळाला.

नियमांचा फरकही वाटतो त्याहून मोठा आहे. कॉलेजात आरपीओचा (रन-पास ऑप्शन) सुळसुळाट असतो, म्हणजे धाव की पास हे क्वार्टरबॅक चेंडू हातात आल्यावर ठरवतो. तोवर लाइनमन, म्हणजे पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे खेळाडू, धाव समजून पुढे सरकलेले असतात. पास फेकला तर कॉलेजात ते तीन यार्डांपर्यंत पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्या दोन यार्डांत अर्धं प्लेबुक, म्हणजे आखून ठेवलेले डाव, बाद होतं. चिप केलीने ओरेगन विद्यापीठातली आपली वेगवान पद्धत फिलाडेल्फियात आणली आणि पहिली दोन वर्षं 10-6 केली, हे मान्य करायला हवं. मग खेळाडू निवडायचे अधिकार मिळाले, त्याने संघाचा प्रमुख धावपटू लशॉन मकॉयला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि तिसरा सीझन संपायला एक सामना असताना त्याचीच सुट्टी झाली.

रिक्रूटिंगची विद्या एनएफएलमध्ये चालवून दाखवली ती जिमी जॉन्सनने. एनएफएलचा शून्य अनुभव घेऊन तो 1989 मध्ये मायामी विद्यापीठातून डॅलसला आला आणि पहिल्या वर्षी 1-15. पण त्याच ऑक्टोबरात त्याने आपला एकमेव मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला. बदल्यात काही खेळाडू आले, आणि प्रत्येकाच्या नावामागे अट: याला ठेवलं नाही तर मिनेसोटाची ड्राफ्टमधली निवड डॅलसची. मिनेसोटाला वाटलं, जॉन्सनला ते खेळाडू हवेत. त्याला हव्या होत्या त्या निवडी! त्यातलीच एक वापरून त्याने 1990 मध्ये 17 व्या क्रमांकावर पुढे दिग्गज ठरलेला धावपटू एमिट स्मिथ उचलला. ड्राफ्टमधल्या कित्येक पोरांना तो शाळेत असल्यापासून ओळखत होता, त्यांच्या घरी जाऊन आला होता. असा माणूस एकविसाव्या वर्षीचे आकडे बघून भुलत नाही. 1992 आणि 1993 या लागोपाठच्या सीझनचे सुपर बोल त्याने जिंकले. कॉलेजचं विजेतेपद आणि सुपर बोल, दोन्ही मिळवणारे कोच तीनच: जॉन्सन, डॅलसलाच त्याच्या जागी आलेला बॅरी स्विट्झर, आणि पीट कॅरल. कॅरल तर यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) आधी जेट्स आणि पेट्रियट्स या एनएफएल संघांमध्ये मार खाऊन आला होता.

हार्बॉ स्वतः चौदा सीझन एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक होता. 2011 मध्ये कॉलेजातून फोर्टी-नाइनर्स या एनएफएल संघाकडे आल्यावर त्याने नवा हिरो शोधला नाही. सगळ्यांनी निकालात काढलेल्या क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथलाच झेपेल तेवढं काम दिलं आणि आदल्या वर्षीचा 6-10 चा संघ 13-3 झाला. पुढे चार्जर्सकडे गेला तेव्हा तर चांगला क्वार्टरबॅक, जस्टिन हर्बर्ट, आयताच होता.

आता किंग्सबरी. टेक्सस टेकमध्ये 35-40, तिथून हकालपट्टी, आणि दोन महिन्यांत अ‍ॅरिझोनाचा हेड कोच. त्या सुमारास प्रत्येक मालकाला तरुण, पासिंगवाला कोच हवा होता, हे एक. दुसरं म्हणजे क्वार्टरबॅक कायलर मरे, ज्याला तो शाळेच्या दिवसांपासून ओळखत होता आणि ज्याला अ‍ॅरिझोनाने लगेच पहिल्या क्रमांकावर घेतलं. 2021 मध्ये 11-6, प्लेऑफमध्ये रॅम्सकडून सपाटून मार. त्या जोरावर मार्च 2022 मध्ये करार 2027 पर्यंत वाढवला. पुढचा सीझन 4-13, आणि जानेवारी 2023 मध्ये त्याला काढलं.