डॉक्टर बाईकडे का बघत नाही?

प्रश्न: आईला घेऊन धंतोलीत डॉक्टरकडे गेले होते, नंबर यायला दीड तास लागला, तेवढ्यात समोरच्या भिंतीवरची फ्रेम पाठच झाली. बाई पलंगावर पडलीय, डॉक्टर तिची नाडी धरून घड्याळात बघतोय, पलीकडे एक नन कडेवर मूल घेऊन तिला कप देतेय. मग आत गेलो तर आमचे डॉक्टरही पूर्ण वेळ कॉम्प्युटरकडेच बघून राहिले होते. चित्र कोणाचं, आणि हा डॉक्टर बाईकडे का बघत नाही?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, ते पिकासोचं. हो हो, तोच, एकाच गालावर दोन्ही डोळे काढणारा. 'सायन्स अँड चॅरिटी', 1897, बार्सिलोना, पोरगा तेव्हा 15 वर्षांचा. डॉक्टर म्हणून त्याचे वडीलच बसले आणि पेशंट म्हणून रस्त्यावर भीक मागणारी बाई, लेकरूही तिचंच. आजारपण त्याला काही नवीन नव्हतं, दोनच वर्षं आधी, जानेवारी 1895 ला, त्याची सात वर्षांची बहीण कोंचिता घटसर्पाने गेली होती.

आता घड्याळाचं. तो बाईला टाळत नाहीये, नाडी मोजतोय, काट्याकडे बघितल्याशिवाय मिनिटाचे ठोके कळणार कसे, बोटात अडकवायचा ऑक्सिमीटर तेव्हा कुठे होता! डोळे घड्याळावर असले तरी बोटं मनगटावर आहेत ना. तुमच्या डॉक्टरांनी आईचा हात धरला होता का, तेवढं आठवून बघा.

माद्रिदच्या प्रदर्शनात चित्राचं कौतुक झालं आणि टिंगलही, की डॉक्टर हातमोज्याची नाडी बघतोय म्हणे. पुढच्या वेळी तो हात नीट बघा, हसू येतंच.

मला मात्र ल्यूक फाइल्ड्स या इंग्रज चित्रकाराचं 1891 चं 'द डॉक्टर' जास्त भिडतं. गरिबाचं घर, दोन खुर्च्या जोडून पोर झोपवलंय, आई टेबलावर डोकं टाकून बसलीय, खिडकीतून उजाडायला लागलंय, आणि डॉक्टर हनुवटीला हात लावून पोराकडे नुसता बघत बसलाय. औषधाची बाटली बाजूला आहे, त्याच्या हातात आणखी काही उरलेलं नाही, तरी उठून गेला नाही. फाइल्ड्सचा स्वतःचा मुलगा 1877 च्या नाताळात गेला, तेव्हाच्या डॉक्टरचं ते बसून राहणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

त्या डॉक्टरांना सांगून बघा, फ्रेम बाहेर कशाला, आत कॉम्प्युटरच्या वर लावा म्हणावं.