घराच्या फोटोला खरी वाटणारी आग कशी लावायची?
जत्रेतल्या नाटकाच्या पोस्टरसाठी जुन्या कौलारू घराला आग लागलेली दाखवायचीय ना? फोटोशॉपमध्ये आधी फोटो काळोखा करा. भर उन्हातल्या फोटोवर ज्वाळा चिकटवल्यासारख्याच दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवरचा आगीचा फोटो वरच्या लेयरवर (थरावर) ठेवा, ब्लेंड मोड (थर खालच्या चित्रात मिसळायची पद्धत) ‘स्क्रीन’ केला की काळं नाहीसं होतं. फिल्टरमधली तयार ‘फ्लेम’ मला तरी प्लास्टिकची वाटते. खरी गंमत काजळीत: खिडकीच्या वरच्या भिंतीवर मऊ ब्रशने ‘मल्टिप्लाय’ (खालचं चित्र गडद करणारा मोड) लेयरवर काळपट डाग, आणि बाल्कांवच्या (घरापुढच्या बसायच्या ओट्याच्या) खांबांना आतल्या बाजूने नारिंगी उजेड. धूर एकाच दिशेला, वर जाताना विरळ. व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी नाटकाचं नाव ठळक लिहा, नाहीतर घरमालकाला रात्रभर फोन येतील!